गवरीची कोंबडी

रविवारी सकाळी गजेंद्रनं चर्चच्या फोंदास्योंची गाडी घरापासून चांगली लांब, चिन्याच्या दुकानाशेजारी आंब्याखाली उभी केली. गाडीच्या दारावर निळा क्रूस रंगवलेला होता, आणि गणपती बुधवारवर आलेला. सणाच्या आठवड्यात मोंपेरची, म्हणजे पाद्र्याची, गाडी आपल्या फाटकापाशी दिसता कामा नये, असं थोरल्या भावानं, प्रेमचंददादानं, बजावलं होतं. गाडी दिसली नाही. कोंबड्यांचा वास मात्र गजेंद्रच्या आधी घरात पोचला.

"आले कोंबड्यांचे मानेजर," प्रेमचंद वरांड्यातूनच म्हणाला. "आये, गणपतीवर कापड टाक. शिंकेल."

मखराशी कागदी फुलं चिकटवत बसलेली कुसुमावती हसली नाही, पण तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत काहीतरी हललं. धाकट्या लेकाला तिनं हातानंच मागच्या नळाकडं पिटाळलं.

इंद्राणी स्वयंपाकघरात करंज्या भरत होती. मांडीवर आठ महिन्यांची वच्छू. तिच्या एका मुठीत कणकेचा गोळा, दुसरी मूठ आईच्या पदरात. नळाचं पाणी वाहायचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला, तेव्हाच इंद्राणीनं ओळखलं. नवऱ्याला, गजेंद्रला, वाईट बातमी सांगायची असली की तो कोपरापर्यंत हात धुतो.

तो आत आला, वच्छूच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाला, "मोंपेर येतोय. दुपारी. स्वतः सांगतो म्हणाला."

"काय सांगतो?"

"गार्दरी आता थेट जानेवारीत उघडू म्हणतो."

इंद्राणीनं हातातली करंजी दाबली. सारण बाहेर आलं.

शेजारी बसलेल्या भगवतीनं, तिच्या थोरल्या जावेनं, ती करंजी तिच्या हातातून काढून घेतली आणि बाहेर आलेलं सारण तोंडात टाकलं. "फुटलेली देवाला चालत न्हाय," ती म्हणाली. "आणि रडू नको. तुझं रडणं ऐकून ही पण सुरू करंल, मग सासूबाई सुरू करतील. आधी समजून तर घे."

समजून घ्यायचं फारसं काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी गावच्या चर्चनं लोकांच्या मदतीसाठी एक फोंदास्यों, एक संस्था, काढलं आणि ब्रीझे वेर्दिएरला कोंबड्यांचं फेर्म टाकलं. मोंपेर जेरारचं म्हणणं सरळ होतं: दानपेटीवर चर्चचं छप्पर टिकतं, छपराखालची माणसं टिकत नाहीत. म्हणून धंदा करायचा आणि नफा वाटायचा. त्या नफ्यातून मुलांना धर्म शिकवणाऱ्या बाईंचा पगार निघे, पोरींचा शिवणवर्ग चाले, दोन म्हाताऱ्यांची औषधं येत. आता त्यातूनच इथं बों अक्योयला गार्दरी, म्हणजे पाळणाघर, निघायची होती. कामावर जाणाऱ्या बायांची तान्ही मुलं सकाळी सातपासून सांभाळायची, हिंदू असोत की क्रिस्तांव. खोलीला पिवळा रंग लागला होता. पाळणे आले होते. मुलं सांभाळणाऱ्या दोघी बायांचा वर्षाचा पगार मात्र कोंबड्यांच्या ह्या खेपेतून यायचा होता, आणि ही खेप विकली जात नव्हती.

इंद्राणीला त्रियोलेच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली होती. गणपतीनंतरच्या मंगळवारी हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतला पुढचा माणूस. जायला दोन बसगाड्या, यायला दोन. जूनमध्ये अंगणात घसरून कुसुमावतीचा उजवा हात मोडला होता आणि अजून त्या हातानं तिला लोटा धरवत नव्हता, मग नात कुठली धरवणार. भगवती स्वेटरच्या कारखान्यात, युझिनमध्ये, कामाला. म्हणजे गार्दरी नाही, तर नोकरी नाही.

आणि खेप विकली जात नव्हती ती इंद्राणीच्याच नवऱ्यामुळं.

"गव्हर्नमेंटच्या कॅलेंडरात गणपती असतो," गजेंद्र पुन्हा एकदा म्हणाला. तो हे दोन आठवडे म्हणत होता. "श्रावण नसतो."

"तुला आई होती की रं," भगवती म्हणाली. "तिला विचारायचंस."

श्रावण दरवर्षीसारखा ऑगस्टात संपेल, गणपती मात्र कॅलेंडरात सप्टेंबरात, म्हणजे मधे तीन-चार आठवडे मिळतील, असं धरून गजेंद्रनं पिल्लं अशा बेतानं टाकली, की श्रावण सरताच कोंबड्या तयार व्हाव्यात आणि गणपतीच्या आधी उपवास सुटलेल्या घरांत भराभर खपाव्यात. पण यंदा अधिक महिना पडला होता. एक श्रावण झाला, आणि लगेच दुसरा लागला. म्हाताऱ्या बायांनी धोका नको म्हणून दोन्ही पाळले. कोंबड्या तयार झाल्या त्या ऐन दुसऱ्या श्रावणात. श्रावण काल संपला, तर गणपती समोर उभा. मधल्या तीन दिवसांसाठी कोण चूल बाटवतो? कोंबड्या खात होत्या आणि फुगत होत्या. हॉटेलवाल्यांना बेताची कोंबडी लागते. ह्या आता चालताना धापा टाकत होत्या.

"पाद्री चुकला असता तर समजलो असतो," वरांड्यातून प्रेमचंदचा आवाज आला. "मराठ्याच्या पोरानं श्रावण चुकवावा!"

*

प्रेमचंदला मनातून वाईट वाटत होतं, पण ते बोलून दाखवण्याची त्याला सवय नव्हती. तो मराठी मंडळीचा, कोकणातून ह्या बेटावर आलेल्या घरांच्या संस्थेचा, सेक्रेटरी होता. दर गणपतीला व्यासपीठावरून तो भाषेवर बोलत असे. भाषा टिकवा, पोरांना शिकवा. आणि आता घरातलीच सून मराठी शिकवायला निघाली होती ती चर्चच्या पाळण्याच्या जोरावर. हे त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखं होत होतं. गिळावं तर टोचे, काढावं तर सगळे बघणार.

"मी पहिल्यापासून म्हणतोय," तो आईला म्हणाला, "गार्दरी आपल्या मंडळीनं काढायला पाहिजे. देवळामागची खोली रिकामी हाय."

"मग काढ की," कुसुमावती म्हणाली.

"पैसा कुठाय?"

"पाद्र्याकडं कुठून आला?"

"कोंबड्या विकून."

"मग तू पण काहीतरी वीक. भाषणं सोडून. ती फुकट पण कुणी नेत न्हाय."

आतून भगवती खुदकन हसली. प्रेमचंदनं गोंदाची बाटली उगाच घट्ट बंद केली. बायको त्या बाजूला गेली होती हे उघडच होतं. ती धाकटीच्या बाजूला गेली की घरात दुसरी बाजू उरत नसे. आई अजून मधोमध होती. काल रात्रीच म्हणाली होती, तान्ह्या पोरीला परक्याच्या हाती देणं मला पटत न्हाय. तोच धागा धरून तो म्हणाला, "आणि तिथं पोरीला काय शिकवतील? उद्या उठून तुझ्यासमोर क्रूस काढंल छातीवर."

"आठ महिन्यांची हाय ती," भगवती दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ, कमरेला खोचलेला पदर. "छातीवर काय काढंल? दूध काढंल. आपला विजय कुठं वाढला आठवतं का? त्या शेजारणीच्या गोणपाटावर. संध्याकाळी मी युझिनमधून यायची तवा त्याच्या तोंडाभोवती माश्या असायच्या. तवा तुमची मंडळी कुठं होती? ठराव पास करत होती!"

प्रेमचंदनं गोंदाची बाटली पुन्हा उघडली. विजय आता चौदा वर्षांचा होता. माशांबद्दल ती ह्याआधी कधीच बोलली नव्हती.

*

मोंपेर जेरार जेवणानंतर आला, सायकलवरून, टोपी हातात. साठीचा गोल माणूस. वरांड्यापाशी आल्यावर त्यानं कुणी न सांगता चपला काढल्या, मखराकडं बघून मान लववली आणि कुसुमावतीला क्रेओलमध्ये म्हणाला, "मादाम, मी तुमच्या सणात वाईट तोंड घेऊन आलो."

"तोंड नेहमीचंच हाय," ती मराठीत म्हणाली आणि क्रेओलमध्ये, "आसिझे, मोंपेर. बसा."

त्याला चहा आणि करंजी दिली. करंजी त्यानं डोळे मिटून खाल्ली. मग बशी गुडघ्यावर ठेवून तो इंद्राणीशीच बोलला, घरातल्या पुरुषांशी नाही. हे कुसुमावतीनं टिपलं आणि तिला ते आवडलं.

"माझ्या मुली, पाळणे आहेत, खोली आहे. पण दोन बायांना मी महिना-दोन महिने नुसता आशीर्वाद देऊ शकत नाही. आशीर्वाद दुकानदार घेत नाही. पुढच्या रविवारपर्यंत फेर्म रिकामं झालं, तर मंगळवारी दार उघडतो. नाही झालं, तर जानेवारी."

"पुढच्या रविवारपर्यंत तर गणपतीच हायत," इंद्राणी हळूच म्हणाली. "कोण घेणार?"

"तेच," मोंपेर म्हणाला. "आणि त्यात गजेंद्रची चूक नाही. मीही विचारलं नाही."

"त्याची चूक हाय," कुसुमावती म्हणाली. "पण ते घरचं हाय, आम्ही बघून घेऊ."

वच्छू इंद्राणीच्या खांद्यावर झोपली होती. इंद्राणीनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, सावकाश, मान सांभाळत. ती रडली नाही. झोपलेल्या मुलीचा घामेजलेला कान तिनं फक्त पदरानं टिपला, आणि पुन्हा टिपला, जरी तो कोरडा झाला होता.

कुसुमावती ते बघत राहिली. तिला आठवलं, की ह्या सुनेनं बाळंतपणाच्या अकराव्या दिवशी परीक्षेचं पुस्तक उघडलं होतं, एका हातानं; दुसऱ्या हातात ही. पानं उलटायला तिनं सासूला हाक मारली होती. आणि कुसुमावती, जिला अक्षर येत नव्हतं, तासभर शेजारी बसून पानं उलटत होती. उलट म्हणाली की उलटायचं. त्या तासाभरात दोघी फार काही बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवसानंतर ती परीक्षा थोडी तिचीही झाली होती.

"गवर कधी येते यंदा?" तिनं एकदम विचारलं.

"शनिवारी," प्रेमचंद म्हणाला. "रविवारी पूजा. का?"

"रविवारी गवरीला काय वाढतात?"

"पुरणपोळी. पाच भाज्या."

"ते तुझ्या मंडळीनं ठरवल्यापासून. त्याआधी?"

प्रेमचंदचे कान लाल झाले. "आये, पाहुणे हायत."

"पाहुणे हायत म्हणूनच विचारते. माझी आजी तिकडून कोकणातून आली तवा बोचक्यात काय आणलंन? गवरीचा मुखवटा आणि तिखटाचा नैवेद्य कसा करायचा ते डोक्यात. गणपतीला मोदक, तो बामणाचा पोरगा. पण गवर माहेरवाशीण. तीन दिवस माहेराला येते. माहेरी आलेल्या लेकीला तू दुधी-भोपळा घालशील? तिला कोंबडी आणि वडे! मागच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, गणपतीला पडदा लावून."

मोंपेर जेरारनं बशी खाली ठेवली. त्याला अर्धं समजलं होतं, आणि तेवढं त्याला पुरलं होतं.

"ते जुनं झालं," प्रेमचंद घाईघाईनं म्हणाला. "बासष्ट साली आपण ठराव केला, सणात मांस न्हाय. सगळ्या मराठी घरांनी सोडलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

कुसुमावती उठली, वरांड्याच्या कडेला गेली आणि रस्त्यापलीकडं हाक घातली, "विद्यावतीबाय! जरा इकडं ये गं!"

विद्यावती आली, हातात सूप तसंच. तिला बघताच प्रेमचंद सावरून बसला, कारण तिचा नवरा मंडळीचा खजिनदार होता.

"गवरीच्या दिवशी तुमच्या मागच्या चुलीवर काय शिजतं?" कुसुमावतीनं विचारलं.

विद्यावतीनं प्रेमचंदकडं बघितलं, पाद्र्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. "सूप," ती म्हणाली. "नवऱ्याला. त्याची तब्येत."

"दरवर्षी? त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी बिघडते ना."

आधी भगवती हसली. मग गजेंद्र. मग विद्यावतीच सुपाआड तोंड लपवून हसायला लागली. "आयो! मला वाटायचं, गावात आम्हीच पापी."

"मी पण करते," कुसुमावती म्हणाली. "तेवीस वर्षं. हा मंडळीच्या पूजेला देवळात जातो तवा."

प्रेमचंदनं आईकडं बघितलं. तो कुठल्या तरी ठरावाची आठवण काढत असावा, पण त्याच्या तोंडून आलं ते वेगळंच. "म्हणजे गवरीच्या दिवशी संध्याकाळी तो रस्सा मला वाढायचीस... तू म्हणायचीस फणसाचा हाय!"

"तू म्हणायचास फणस मस्त झालाय."

आता मोंपेरही हसत होता, पोट धरून, भाषा पुरती न समजता.

"पण पाद्र्याची कोंबडी गवरीला?" प्रेमचंदनं शेवटची काठी टेकली.

"कोंबडी बाप्तिस्मा घेते काय रं? मका खाते ती. आपल्याच शेतातला."

मग कुसुमावतीनं मोंपेरला क्रेओलमध्ये सगळं समजावलं. तो थोडा वेळ टोपी फिरवत बसला. गजेंद्रला भीती वाटली, की आता हा नाही म्हणणार. देवीच्या नैवेद्याला चर्चचा माल, वर बिशपला कळलं तर.

"मादाम," तो अखेर म्हणाला, "ही जी लेक तीन दिवस आईबापाकडं येते, तिला मूल आहे?"

"गणपतीच तिचा."

"मग ती गार्दरीच्या विरुद्ध नसणार," मोंपेर म्हणाला. "मी कोंबड्या विकतो. ताटासमोर कोण काय प्रार्थना म्हणतं, ते मी कधी बाकीच्या गिऱ्हाइकांनाही विचारलं नाही."

प्रेमचंद उठून अंगणात गेला. कुणी त्याच्यामागं गेलं नाही.

*

शनिवारी पहाटे गजेंद्रनं गाडी भरली. आये म्हणाली होती, ओरडू नको, हॉर्न वाजवू नको. मागच्या गल्लीनं जा, बाया मागच्या दारानं येतील. विद्यावतीनं निरोप फिरवला होता, आणि तो कसा फिरला देव जाणे, कारण प्रत्येकीला तो एकटीलाच मिळाल्यासारखा मिळाला होता.

पहिली बाई टोपलीवर धुतलेलं लुगडं पसरून आली. दुसरीनं आजूबाजूला बघत विचारलं, "कुणी बघितलं न्हाय ना?" तिसरी कोपऱ्यावरून वळली आणि पहिल्या दोघींना बघून उसाच्या शेताकडं निघाल्यासारखं करू लागली.

"या हो काकू," गजेंद्र म्हणाला. "तुमच्या नवऱ्याची पण तब्येत का?"

पाच मिनिटांत गल्लीत वीसेक बाया उभ्या होत्या आणि कुणीच काही लपवत नव्हतं. एकीनं दुसरीला चिमटा काढला. "गेल्या साली माझ्याकडं जेवलीस आणि म्हणालीस आमच्याकडं असलं न्हाय!" "आमच्याकडं वडे तुझ्यापेक्षा बरे होतात, ते सांगायला कुठं मिळत होतं?" मग लेकींचा विषय निघाला. एकट्या गवरीला माहेर थोडंच असतं. आपल्याही लेकी दिल्या घरी आहेत, कुणी त्रियोलेला, कुणी ब्रीझे वेर्दिएरला. गवरीला एक, लेकीला एक. जावई आला तर आणखी एक. आणि ह्या कोंबड्या एवढ्या दांडग्या, की एकीत दोन घरं जेवावीत, तरी बाया दोन-दोन नेत होत्या, कारण शेजारीण दोन नेत होती.

दुपारी गाडी तिसऱ्यांदा भरून ब्रीझे वेर्दिएरच्या वाटेनं परतत असताना गजेंद्रला देवळापुढं दादा उभा दिसला. पांढरा सदरा, खिशाला मंडळीचा बिल्ला. दादानं हात वर केला. गजेंद्रनं गाडी थांबवली. निळा क्रूस बरोबर देवळाच्या दारासमोर.

"किती उरल्या?"

"ह्या एवढ्या, आणि फेर्मवर थोड्या. संध्याकाळपर्यंत न्हाय संपल्या तर—"

प्रेमचंदनं दार उघडलं आणि आत बसला. मांडीवर पंख पडला तो त्यानं दोन बोटांनी उचलून बाहेर टाकला. "त्रियोलेला चल. तिथल्या मंडळीचा प्रेसिडेंट माझ्या ओळखीचा हाय."

"त्याला काय सांगणार?"

"सांगतो, गवरीच्या दिवशी त्याची तब्येत कशी असते विचारायला आलो." थोडं पुढं गेल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भगवती आठवडाभर बोलली न्हाय माझ्याशी. विजयच्या तोंडावर माश्या बसायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं, गजेन."

गजेंद्रनं गिअर बदलला आणि मागं सगळ्या कोंबड्या एकदम ओरडल्या.

*

मंगळवारी सातच्या आधीच इंद्राणी पिवळ्या खोलीच्या दारात उभी होती. आत मोंपेर नव्हता; आपण येऊ नये असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं, पहिल्या दिवशी मुलांनी काळा झगा बघून भोकाड पसरू नये म्हणून. सांभाळणारी बाई रोझलीन हात पसरून उभी होती. वच्छू त्या हातांकडं बघत होती, मग आईकडं, मग हातांकडं.

इंद्राणीनं ठरवलं होतं, पटकन द्यायचं आणि वळायचं. पण हात सोडवत नव्हते.

"दे," मागून कुसुमावती म्हणाली. ती नुसतं बघायला आली होती. डाव्या हातात नातीची दुपटी, उजवा गळ्यातल्या फडक्यात. "दे गं. तुझी बस जाईल."

"रडेल ती."

"रडेल. मग गप्प होईल. तू पण."

वच्छू रोझलीनच्या खांद्यावर गेली आणि रडली नाही. तिनं रोझलीनच्या गळ्यातला लहानसा क्रूस पकडला आणि तोंडात घातला.

सासू-सुनेनं एकमेकींकडं बघितलं.

"दादांना सांगू नका," इंद्राणी म्हणाली.

"सांगणार," कुसुमावती म्हणाली. "जेवताना."

त्रियोलेला वर्ग लहान होता. पंधरा-सोळा मुलं, एकमेकांशी क्रेओलमध्ये कुजबुजणारी, नव्या मिसच्या साडीकडं बघणारी. तिनं नावं विचारली. मग म्हणाली, सकाळी घरी काय खाल्लं ते मराठीत सांगा. भाकरी आली, पाव आला, एकानं उभं राहून "कोंबडी, कालची" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. त्याच हशात, दहाच्या सुमाराला, वच्छूच्या पिण्याच्या वेळी, इंद्राणीची छाती भरून आली आणि चोळी ओली झाली. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, घट्ट, आणि फळ्याला पाठ लावून उभी राहिली.

"मिस, थंडी वाजते?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं क्रेओलमध्ये विचारलं.

"मराठीत विचार," इंद्राणी म्हणाली.

मुलीनं शब्द शोधले. एक सापडला, मग दुसरा. इंद्राणी थांबून राहिली. तिला आता कसलीच घाई नव्हती.